मळलेली वाट सोडून माथेरान

"आमच्या पिढीने डोंगर चढले ते मोळीसाठी. तुम्ही आता पदरचे पैसे खर्चून हौसेने चढणार?" आमच्या कळंबोलीच्या वसाहतीत डोंगरावर जाण्याचा विषय निघाला की कोणी ना कोणी वडीलधारे हे विचारतेच. प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आया-आज्यांनी रानातला लाकूडफाटा आणि गवताचे भारे वाहून संसार ओढले. त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे पायातला काटा, राखणदाराची शिवी आणि डोक्यावरचे ओझे. त्यामुळे गिर्यारोहण हा शब्द वर्तमानपत्रात वाचायचा आणि पान उलटायचे, ती आपली नव्हे, दादर-पुण्याकडील मंडळींची हौस, असा समज आपल्याकडे पक्का बसला.

मी बी.कॉम. होऊन ट्रान्सपोर्टच्या हिशेबाच्या वह्या लिहिणारा कारकून. घराच्या खिडकीतून पूर्वेला प्रबळगड आणि त्याच्यामागे माथेरानचा लांबलचक सपाट माथा दिसतो. तिथून इतके जवळ राहूनही आमच्या इमारतीतील किती बिऱ्हाडे माथेरानला गेली, असे विचारले तर हाताची बोटेही पुरून उरतील. गेलेली मंडळी नेरळमार्गे गेली, टॅक्सीचे भाडे दिले, घोड्यावर पोराचा फोटो काढला आणि खिसा रिकामा करून परतली. माथेरानला आपल्या पनवेल तालुक्याच्या बाजूनेही पायी चढता येते, आणि शेकडो माणसे वर्षानुवर्षे रोज चढतात, हे अनेकांना ठाऊकच नाही. म्हणून हा लेख.

पनवेलच्या स्टँडवरून धोदाणीची एस.टी. सुटते. वाटेत गाढी नदीवरचे देहरंगचे धरण लागते. पनवेल शहराला पाणी पुरवणारे हेच ते. रस्ता जिथे संपतो ते धोदाणी. डाव्या हाताला माथेरान, उजव्या हाताला प्रबळगड आणि या दोन भिंतींच्या मध्ये ठाकूर समाजाच्या वाड्या. इथून निघालेली पायवाट माथेरानच्या सनसेट पॉइंटवर पोचते. चढ सुमारे दोन हजार फुटांचा. वाड्यांतील बायाबापड्या भाजी, रानमेवा, दूध डोक्यावर घेऊन पहाटे निघतात, बाजारात विकतात आणि संध्याकाळी उतरतात. तरुण पोरे वरच्या हॉटेलांत कामाला जातात. त्यांच्या पायांनीच ही वाट मळली आहे.

माथेरानचा 'शोध' ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये लावला, असे पुस्तकांतून छापले जाते. साहेबाचा मुक्काम चौकला होता. तिथून ते वन ट्री हिलच्या अंगाने वर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. एका दिवसात अनोळखी डोंगर चढून दुसऱ्या वाटेने उतरणे हे धाडस होतेच, ते नाकारायचे कारण नाही. पण त्या डोंगरावर ठाकूर, कातकरी, धनगर आधीपासून वावरत होते. त्यांच्यापैकी कोणी पहिल्यांदा माथा गाठला, त्याचे नाव कोणत्या पॉइंटला दिलेले नाही.

आता आमच्या फेरीबद्दल. जानेवारी २०२५ चा दुसरा रविवार. दोन दिवसांवर १४ जानेवारीचा नामविस्तार दिनाचा कार्यक्रम, तरी वेळ काढून आम्ही सात जण निघालो. लोखंड बाजारातील दोघे, त्यांतील एक माथाडी आणि एक क्रेनवरचा खलाशी, तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर असलेला जुना मित्र, शाळेतील शिपाईमामा, अंगणवाडी सेविका असलेल्या एक ताई आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि मी. ताईंचे येणे सहजासहजी झाले नव्हते. "बायका कुठे डोंगरात?" असे घरातून निघालेच. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, "भाजीची पाटी घेऊन जे रोज चढतात ते कोण, पुरुष?"

मळलेल्या वाटेने आमच्यातील तिघे पूर्वी गेलेले होते. यंदा ती वाट सोडून, तिच्या डावीकडच्या सोंडेने जायचे ठरले होते. त्या सोंडेवर पूर्वी गुरे चरायला जात, लाकडे तोडणारे जात. आता फारसे कोणी जात नाही, म्हणून ढोरवाट रानाने गिळली आहे. असल्या जागी आपल्या मनाने घुसायचे नसते. वाडीतील साठीच्या एका बाबांना आम्ही आदल्या रविवारीच भेटून ठरवून आलो होतो. अंगात बनियन, कमरेच्या आकडीला कोयता, पायांत स्लीपर. आमच्या नव्या बुटांकडे पाहून ते गालात हसले, बोलले मात्र काही नाहीत.

हिवाळाच का, असे कोणी विचारील. पावसाळ्यात ही सोंड शेवाळलेली असते आणि घळीत पाण्याचा लोंढा येतो. उन्हाळ्यात घसा सुकतो, पाणी मिळत नाही. पौष महिन्यात हवा थंड, दूरचे स्वच्छ दिसते, गवत वाळून आडवे झाल्याने पायाखालची जमीन कळते. पण हिवाळ्याचीही आपली खोड आहे. वाळका पाला घोट्याएवढा साठतो आणि त्याखाली सुटा दगड दडलेला असतो. मुरमाच्या उतारावर तो पाला म्हणजे तेल ओतल्यासारखा. शिवाय दिवस लहान. मुंबई-पनवेलला या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, पण धोदाणीच्या खोऱ्यात तो त्याआधीच प्रबळगडाआड जातो. पंचांगातला सूर्यास्त धरून इथे चालणारा माणूस अंधारात सापडतो. दुपारी एकपर्यंत कड्याखालची आडवी वाट सापडली नाही तर आल्या वाटेने मागे फिरायचे, हे आम्ही एस.टी.तच ठरवले होते, आणि ते सर्वांकडून वदवून घेतले होते.

पहिला तास मजेत गेला. बाबा पुढे, कोयत्याने आडवी आलेली घाणेरी छाटत. मुलगी काठी आपटत चाले, म्हणजे पाल्यातले जनावर बाजूला सरकावे. मग कारवीचे रान लागले. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी कारवी, काठीला काठी लागलेली. त्यात शिरले की चार हातांपलीकडचा माणूस दिसत नाही, फक्त आवाज येतो. बाबांनी इथे एक गोष्ट शिकवली. वाळकी कारवी धरून चढू नये, ती मुळासकट हातात येते; जिवंत असेल ती धरावी, तीही शेंड्याला नव्हे, बुंध्याशी. आणि शेंगांकडे लक्ष ठेवायचे. कारवीवर चढलेल्या एका वेलीच्या तपकिरी शेंगांना शिपाईमामांचा हात लागला आणि पाचच मिनिटांत मामा नाचू लागले. खाजकुयली! तिची लव अंगाला लागली की आग-आग होते आणि चोळावे तितकी ती पसरते. बाबांनी ओली माती शोधून हाताला थापली, वाळू दिली आणि खरवडून काढली. मामांचा हात सुजला, पण तोंड दिवसभर बंद पडले नाही.

साडेअकराला आम्ही कड्याच्या पायथ्याशी आलो. वर काळा कातळ सरळ उभा. इथून उजवीकडे, कातळाच्या पोटाला धरून आडवे गेले की मळलेली वाट मिळते, असे बाबांचे म्हणणे. कातळातून पाणी पाझरून एका खोलगट जागी वाटीभर डबके साठले होते. ताईंनी ओंजळीने तोंड धुतले, मुलीने बाटली भरायला घेतली. तेवढ्यात फिटर मित्र म्हणाला, "दौलताबादला एवढेसुद्धा करू दिले नव्हते."

मुलीला ते माहीत नव्हते. तिथेच बसून तिला सांगितले. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले, म्हणून काहींनी दारातल्या तळ्यावर हातपाय-तोंड धुतले. लगेच तळे बाटवले म्हणून गलका झाला, माणसे जमली, भांडण हातघाईवर येण्याची वेळ आली. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर नजर ठेवायला हत्यारी शिपाई बरोबर दिला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस तो. बाबासाहेबांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्याआधी सात वर्षे, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडची परिषद आटोपल्यावर ते रायगडही पाहून आले होते. म्हणजे गड-किल्ले, डोंगर हे आपल्या माणसांना नकोसे होते असे नाही.

मुलगी काही बोलली नाही. तिने बाटली भरली आणि तो घोट सर्वांना दिला. पाणी गार होते, जरा कातळाचा वास होता.

खरी परीक्षा पुढे होती. आडवी वाट दोनशे पावलांवर तुटली होती. पावसाळ्यात वरून दरड आली असावी. वीस-पंचवीस फूट रुंदीचा घसारा, दगड-मुरूम-माती यांची एक उतरती पट्टी, खाली घळीत जाऊन दिसेनाशी होणारी. बाबांनी एक दगड लोटून दिला. तो किती वेळ खडखडत गेला ते सर्वांनी ऐकले.

आमच्या नजरेसमोर डाव्या अंगाला इर्शाळगडाचा सुळका होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पायाशी असलेल्या इर्शाळवाडीवर डोंगराचा कडा आला. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे मातीखालीच राहिली. वर जायला रस्ता नाही, यंत्र नेता येईना. माणसांनी चढून जाऊन फावड्याने माती उकरली. मदतीला निघालेले नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले. आमच्या वसाहतीतूनही त्या आठवड्यात कपडे, धान्य गेले होते. सुटलेली माती म्हणजे काय, हे त्या डोंगराकडे पाहत असताना कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

बाबा स्लीपर काढून पलीकडे जाऊन आले. "या," म्हणाले. खलाशाने दोरी सोडली. पण फिटर मित्र खाली बसला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे काही वर्षांपूर्वी मशीनमध्ये गेली आहेत. त्या हाताची पकड त्याला भरवशाची वाटत नाही. एरवी तो ही गोष्ट कोणाला कळू देत नाही, हात खिशात ठेवतो. "तुम्ही जाऊन या, मी इथे झाडाखाली बसतो," तो म्हणाला. "संध्याकाळी खाली भेटू."

असे प्रसंग संघटनेत, मोर्चात, सहलीत सगळीकडे येतात. एक जण मागे राहतो, बाकीचे "बरं, सांभाळून" म्हणून पुढे जातात. माथाडी मित्राने ते ऐकून घेतले नाही. "बसायचे तर सगळे बसू, नाहीतर सगळे उतरू. एकाला रानात ठेवून माझ्याने माथेरानचा चहा पिववणार नाही." घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती. एक वाजेपर्यंतची मुदत ठरलेली. बाबांना विचारले, खालून फेरा मारता येईल का? खालून नाही, म्हणाले, खाली घळ रुंद होते. वरून बघू.

दरड जिथून निघाली ते तोंड कातळाला लागून होते आणि तिथे ती अरुंद असणार, हा त्यांचा हिशेब. शंभरेक फूट उभे चढून, कारवीचे बुंधे धरत आम्ही तिथे गेलो. खरेच, कातळाच्या मुळाशी घसारा चार हातांचाच राहिला होता आणि कातळाला हात टेकायला खाच होती. खलाशाने अलीकडच्या अंजनाच्या खोडाला दोरी बांधली. दुसरे टोक बाबांनी पलीकडच्या झाडाला आवळले. रोज टनाटनाचे लोखंड उचलणाऱ्या माणसाची गाठ ती; सरकण्याचा प्रश्न नव्हता. एका वेळी एकच माणूस. पाय टाकण्यापूर्वी दगड दाबून पाहायचा. सुटला तर "दगड!" म्हणून ओरडायचे.

फिटर मित्र चौथा गेला. डावा हात दोरीवर, उजव्या हाताची उरलेली बोटे कातळाच्या खाचेत. मधोमध तो क्षणभर थांबला. कोणी "शाब्बास" म्हटले नाही, कोणी घाई केली नाही. पलीकडून माथाडीने त्याच्या मनगटाला धरले. पलीकडे पोचल्यावर मित्राने बिडी काढली, आणि बाबांनी ती लगेच खिशात घालायला लावली. वाळक्या पाल्याला ठिणगी पुरते. शिवाय कड्याला आग्या मोहोळ लोंबत होते, धूर गेला की संपलेच. एवढे होईपर्यंत घड्याळात एकला पाच मिनिटे कमी होती, आणि पुढच्या वळणावर मळलेली वाट दिसली. भाजीच्या रिकाम्या पाटीवर बसून एक म्हातारी तिथे पान खात होती. आमच्या अंगावरचा पाला-माती बघून तिने बाबांना ठाकरी बोलीत काहीतरी विचारले. दोघे खूप हसले. आम्हाला अर्थ सांगितला नाही.

सनसेट पॉइंटवर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. समोर प्रबळगड, डावीकडे इर्शाळ, उजवीकडे दूर चंदेरी. वरची माती एकदम तांबडी, जांभ्या दगडाची. जांभूळ-हिरड्याची दाट सावली आणि झाडावर शेकरू. भाकरी, ठेचा, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, असे जेवण झाले.

मग बाजाराकडे फिरायला गेलो. तिथे ताईंच्या मुलीने जे पाहिले त्याने तिचे मन दुखले. माथेरानला मोटारींना बंदी आहे, ते झाडांसाठी चांगलेच. पण त्यामुळे इथे माणूस माणसाला ओढत होता. हातरिक्षात जाडजूड प्रवासी, पुढे एक जण ओढणारा, मागे ढकलणारे, चढावर छाती भात्यासारखी चाललेली. असे ९४ परवाने होते. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक म्हणून ई-रिक्षा आल्या, त्याही कोर्टाच्या परवानगीने. पण त्या मोजक्याच. आमच्या फेरीनंतर सात महिन्यांनी, ६ ऑगस्ट २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पोट सांभाळण्यास सांगितले. नुसते 'बंद करा' म्हटले असते तर ते अर्धेच काम झाले असते. धंदा बंद झाला आणि माणूस उपाशी राहिला, असे आपल्याकडे कितीदा घडले आहे.

हौसेचा मुद्दा राहिला. २५ मे २०१४ रोजी आजच्या तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळेची तेरा वर्षांची मालावत पूर्णा आणि तिच्याबरोबर आनंद कुमार हा दलित मुलगा एव्हरेस्टवर पोचले. मे २०१८ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी पोचले. मोळी वाहणाऱ्यांचीच ही लेकरे. त्यांना कोणीतरी दोरी, बूट आणि सराव दिला, एवढाच फरक. एव्हरेस्ट आपल्याला परवडणारे नाही, धोदाणी परवडते. कळंबोलीहून पनवेल, तिथून एस.टी., घरची भाकरी आणि वाटाड्याची मजुरी, असा सगळा खर्च. वाटाड्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. पनवेलच्या नाक्यावर कुशल कामगाराला दिवसाची जी मजुरी मिळते ती आम्ही बाबांना दिली.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पहिल्यांदा मळलेल्या वाटेनेच जावे. सोंडेवर जायचे ते वाडीतील माणूस बरोबर असेल तरच, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू, शिट्टी, बॅटरी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जुने पण घट्ट बूट न्यावेत. साखरेचा आजार असेल तर खिशात गूळ-चणे. खोऱ्यात मोबाइलची रेंज असेलच असे नाही, म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार ते घरी आणि वाडीत सांगून निघावे. रेंज असेल तर संकटात ११२ क्रमांक. जाळ करू नये. परतीच्या एस.टी.ची वेळ सकाळीच कंडक्टरला विचारून ठेवावी.

आम्ही तीनला उतरायला लागलो, ते मळलेल्या वाटेनेच. निम्म्या वाटेत बाजार आटोपून निघालेल्या बाया मागून आल्या. रिकाम्या पाट्या उलट्या डोक्यावर, पायांत चपला, तोंडाने गप्पा. बाजूला होऊन त्यांना वाट दिली. एकीने ताईंना विचारले, "कुठून आलात, बाय?" "कळंबोली." "मग भाजी घ्यायला तिकडं येतो की आम्ही कधीमधी." बोलता बोलता ती चार वळणे खाली गेलीसुद्धा. ताईंच्या गुडघ्याला तोवर कळ लागली होती. प्रबळगडाआड सूर्य गेला तेव्हा आम्ही वाडीच्या पहिल्या घराशी होतो, आणि एस.टी. यायला अजून वीस मिनिटे होती.